बायबरोबर भाट्याला

रत्नागिरीत मी नोकरीला लागले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी कऱ्हाडकडची. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, खो-खो खेळून गुडघे फोडून घेतलेली, आणि मुलींच्या शाळेत कवायतीला बाई हव्या होत्या म्हणून इतक्या लांब आलेली. पहिले काही आठवडे मला माणसांचं बोलणंच नीट उमगायचं नाही. बोलायचे मराठीच, पण वाक्य संपता संपता आवाज असा वर न्यायचे की मला वाटायचं, आपल्याला काहीतरी विचारलंय. मी उत्तर द्यायचे. समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहायचा.

खोली मिळाली ती बंदराच्या अंगाला, एका कौलारू घराच्या मागच्या पडवीला लागून. घरात मायलेकी दोघीच. मालकीणबाईंना मी वहिनी म्हणायला लागले, त्या मला बाई म्हणायच्या. त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि मग एकदम लांबलचक सुट्टी. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला सगळे बाय म्हणत. तिकडे घरातल्या लेकीला लाडानं बाय म्हणतातच, त्यामुळे तिचं खरं नाव मला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं. इथेही मी बायच म्हणते.

बाय सकाळी पडवीच्या कडेला बसून डब्याचं झाकण फिरवायची. झाकण भोवऱ्यासारखं गरगरत राहायचं, मंद होत होत आडवं पडायचं, की लगेच पुन्हा. मी जाता-येता म्हणायचे, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "जेवलीस का गं." थट्टा नव्हती ती. माझाच आवाज, माझाच कऱ्हाडी हेल, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी. चालायची टाचा उचलून, चवड्यांवर. अंगानं चांगली भरलेली होती, त्यामुळे एवढं शरीर त्या चवड्यांवर तोललेलं बघताना माझ्याच पोटऱ्या दुखायच्या. शाळेत घातली होती, पण ती वर्गात बसेना, आणि बसली तरी मधेच उठून भिंतीला पाठ घासत उभी राही. तेव्हा शाळेनंच, हिला घरी ठेवा, असं सांगितलं होतं.

एका रविवारी वहिनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पदराचं टोक घट्ट धरलेलं.

"बाई, तुम्ही शाळेत पोरींना कवायत शिकवता ना?"

"हो."

"आमच्या बायला शिकवाल काय?"

मग त्यांनी सांगितलं. गेल्या सुट्टीत यजमान बायला मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टरांनी शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या, एक इंग्रजी शब्द सांगितला जो परत येईपर्यंत दोघांच्याही लक्षात राहिला नाही, आणि निघताना म्हणाले, गोळ्यांनी भूक वाढेल, वजन वाढेल, मुलीला व्यायाम द्या. "व्यायाम द्या म्हणाले, पण कसा देऊ ते नाय सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, आपल्याच घरात बाई आहेत."

मी हो म्हटलं. अवघड काय होतं त्यात? मी तर एका वेळी अख्ख्या मैदानभर मुलींचे हात एकाच क्षणी वर करून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, मी बायला समोर उभी केली. सवयीनं गळ्यात शिट्टी होती. ती फुंकली. बायनं दोन्ही कानांवर हात दाबले, मग एक हात काढून स्वतःच्या मनगटाला चावली, आणि सारवलेल्या जमिनीवर पालथी पडली. गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, शेजारच्या बायका डोकावल्या. वहिनी धावत आल्या, तिच्या पाठीवर आडव्या झाल्या आणि सगळं अंगाचं वजन तिच्यावर टाकून पडून राहिल्या. मला वाटलं, ही बाई पोरीला चिरडते की काय. पण थोड्या वेळानं बाय शांत झाली.

"शिट्टी नको हं बाई," वहिनी उठत म्हणाल्या. "शिट्टीपायी मी घरात कुकर नाय लावत."

मी शिट्टी ट्रंकेत टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडानं आकडे म्हणू लागले. एक, दोन, तीन, चार. हात पुढे, वर, बाजूला, खाली. बायही म्हणायची एक, दोन, तीन, चार. हुबेहूब माझ्यासारखं, चारवर जोर देऊन. हात मात्र लोंबत. मी तिचे हात धरून वर केले तर तेवढे वर व्हायचे, सोडले की खाली. मी तिच्यासमोर उड्या मारल्या, बाजूला उभी राहून मारल्या, मागे उभी राहून तिच्या काखेत हात घालून तिला उचलायचा प्रयत्न केला. गडग्यापलीकडच्या बायकांना रोज सकाळी चांगली करमणूक होती.

मग एका संध्याकाळी कुणाचा तरी लाल पतंग आमच्या पेरूच्या झाडात अडकला. मी विहिरीवर कपडे धूत होते. बघते तर बाय झाडावर. पाय कुठे, हात कुठे, सगळं अगदी बिनचूक. जाड्या अंगाची पोर मांजरासारखी शेंड्यापर्यंत चढली, पतंग काढला आणि त्याची शेपटी डोळ्यांपुढे हलवत वरच बसली. माझ्या हातातलं लुगडं पाण्यात पडलं.

म्हणजे हात वर होत होते. पाय उचलले जात होते. मग माझ्यासमोर का नाही? हट्ट म्हणावा, तर हट्टी मुलींच्या डोळ्यांत जी चमक असते ती हिच्यात नव्हती. समजत नाही म्हणावं, तर पतंग कसा समजला? मी गावातल्या एका डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "मतिमंद आहे हो, खेळवायचं." मी पतंगाची गोष्ट सांगितली. ते हसले, "मतिमंद मुलं झाडावर चढतात."

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी पार तळाला गेलं आणि पलीकडच्या आळीतून पाणी आणावं लागू लागलं. मी दोन बादल्या घेऊन येत होते. बाय माझ्या मागे मागे आली होती, तशी ती कधीकधी यायची. वाटेत दम लागला म्हणून मी बादल्या खाली ठेवल्या, तर तिनं एक उचलली. भरलेली. आणि चालू लागली. बादली जड होती, त्या जडपणानं तिची टाच खाली आली. मी पहिल्यांदाच तिची टाच जमिनीला टेकलेली बघितली. घरी येऊन तिनं बादली हंड्यात ओतली आणि पुन्हा वाटेला लागली. किती खेपा केल्या कुणास ठाऊक. शेवटी ती पडवीत भिंतीला टेकून बसली. झाकण समोर होतं, पण तिनं ते फिरवलं नाही. त्या दिवशी ती दुपारची झोपली. वहिनी मला खुणेनं आत बोलावून दाखवत होत्या, जणू घरात कुणी पाहुणं येऊन झोपलंय.

हे व्यायाम म्हणायचं की काम? मी शिकले होते ते वेगळं होतं. आमच्या पुस्तकांत स्नायूंची चित्रं होती, कवायतीचे प्रकार होते, मुलांना शिस्त कशी लावावी हे होतं. ओझं वाहून एखादं मूल शांत का होतं, हे कुठे नव्हतं. आणि मला दुसरीही एक टोचणी होती. पोरीला पाणी भरायला लावते, असं लोक म्हणतील. तसं एकीनं गडग्यावरून म्हटलंही. वहिनी तिला म्हणाल्या, "तुझी पोर नाचते, माझी पाणी भरते. तुला काय त्याचं?" आणि आत निघून गेल्या. एवढं फाडकन बोललेल्या मी त्यांना तेव्हाच बघितलं.

पाण्याच्या खेपांवरून मला वाटलं, हिला चालवून बघू. मांडवीचा किनारा जवळ होता, पण तिथे माणसं फार, आणि भेळवाल्याची घंटा. म्हणून भाट्याला न्यायचं ठरवलं. पहिली एस.टी. सुटायच्या आत निघायचं, खाडीवरचा पूल ओलांडायचा आणि सुरूच्या बनातून वाळूवर उतरायचं. पहिल्या दिवशी तिनं चपला काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या पाहून काढल्या, की वाळू गेली म्हणून काढल्या, मला सांगता येणार नाही. लाट जिथवर येऊन परत फिरते तिथली ओली, घट्ट वाळू तिला आवडली. तिथे ती पूर्ण पावलानं चालायची. मागे वळून मी आमचे ठसे बघायचे: माझे, आणि बाजूला तिचे, टाचेसकट.

पण चालायला लागली की ती थांबायची नाही. परत फिरू म्हटलं की, "परत फिरू," म्हणायची आणि पुढे जायची. हात धरला की हिसडा. एकदा तिला फिरवताना आम्ही दोघी पाण्यात पडलो. शेवटी तिचं तिनंच ठरवलं. बन संपतं तिथे एक सुरूचं झाड जरा एकटं, समुद्राकडे कललेलं होतं. बाय तिथवर गेली, खोडाला तळहात लावला आणि वळली. दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर रोज तेच. मी माझ्यापुरतं मानून घेतलं की आता जमलं. विद्यार्थिनीला व्यायामाचा मार्ग सापडलाय, शिक्षिकेनं फक्त बरोबर राहायचं.

पावसाळ्यात चालणं बंद पडलं. ती पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारी, आणि तेवढ्यानं भागलं नाही की रात्र रात्र जागे. वहिनींनी तिला रगड्यावर बसवलं. घावन्यांचे तांदूळ ती वाटायची, दोन्ही हातांनी, अंग पुढेमागे करत. पीठ इतकं गुळगुळीत व्हायचं की घावन्याला जाळीच पडायची नाही. वहिनी म्हणायच्या, "खा बाई तसेच. आज झोपेल." मी खायचे.

पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या थोडं आधी, आम्ही पुन्हा भाट्याला गेलो. तिचे वडील आदल्याच आठवड्यात बोटीवरून घरी आले होते. अजून माझी त्यांची धड ओळखही झाली नव्हती. सकाळ स्वच्छ होती. बाय माझ्यापुढे चार पावलं चालत होती. बन संपलं. पावसात समुद्रानं कड खाल्ली होती आणि ते एकटं झाड तिथे नव्हतं. पडलं असणार, आणि लाकूड कुणीतरी नेलं असणार. वाळूत नुसता खड्डा.

मला वाटलं, आता ही पालथी पडणार, चावणार. मी तयारीत होते. तसं काहीच झालं नाही. ती त्या खड्ड्याच्या बाजूनं सरळ पुढे गेली.

मी हाक मारली. मी पुढे जाऊन वाट अडवली, ती मला वळसा घालून गेली. वाळू संपली, खडक लागले. खडकांवरून ती वर चढली, करवंदीच्या जाळीतून वाट काढली आणि सड्यावर आली. सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार. तेव्हा त्यावर पिवळं पडत चाललेलं गवत होतं आणि ऊन चढायला लागलं होतं. मी तिच्या मागे पळत होते, मग चालत होते, मग कमरेवर हात ठेवून ओढली जात होते. तिचा वेग एकच. चढ असो, सपाट असो. मी खेळाडू, ती गोळ्यांनी फुगलेली दहा-अकरा वर्षांची पोर, आणि मला ती गाठता येत नव्हती. एका ठिकाणी गवत कापणारी बाई होती. तिनं विळा खाली ठेवून विचारलं, "पोर खंय चालली?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

"तुमचीच ना?"

मी पुन्हा बायच्या मागे निघाले.

सडा उतरल्यावर डांबरी रस्ता लागला. तिथे एका पिकअप शेडच्या सावलीत बाय थांबली. का थांबली? दमली असावी, की सिमेंटचा गारवा बरा वाटला असावा. मी तिच्याजवळ जाऊन बसले. आम्ही दोघी नुसत्या श्वास घेत होतो. पावस गावाकडून एस.टी. आली. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला तरी कान दाबणारी ही मुलगी. पण गाडी थांबल्यावर बाय उठली, दांडा धरून चढली, रिकाम्या बाकावर खिडकीशी बसली आणि खडखडणाऱ्या काचेला तिनं गाल लावला. रत्नागिरी येईपर्यंत तो तसाच लावलेला होता. कंडक्टरनं विचारलं, "हाफ ना?" मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते भीतीचं होतं, थकव्याचं होतं की आणखी कशाचं, मला तेव्हाही कळलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा वहिनी रस्त्यावर उभ्या होत्या. यजमान सायकल घेऊन भाट्याला जाऊन, वाळू तुडवून परत आले होते. मी झालं ते सगळं सांगितलं. ते आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुमचे उपकार आहेत. पण उद्यापासून हे नको."

मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाय बेड्याशी, म्हणजे बांबूच्या फाटकाशी, जाऊन उभी राहिली. बेडं बांधून टाकलेलं होतं. ती ते हलवत राहिली. नाश्त्याला आली नाही. मी शाळेत गेले, आले, तरी तिथेच. मनगटावर दातांचे वण. असे दोन-तीन दिवस गेले. शाळेखेरीज मी खोलीतून बाहेर पडले नाही, कारण मला बघून ती चपला शोधायची, आणि मला जाऊ नये असं सांगितलेलं होतं. मग एके सकाळी बेड्याचा आवाज आला. यजमान तिला घेऊन निघाले होते.

परत आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. त्यांनी मला हाक मारली. पडवीत बसून ते बराच वेळ पाय पुसत राहिले.

"चालते हो ती," ते म्हणाले.

"चालते."

"तुम्हाला एक विचारू? ती आपल्याबरोबर चालते, की आपण नसलो तरी तशीच चालेल?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मी खरंच कितीदा तरी स्वतःला तेच विचारलं होतं.

"मी बोटीवरून येतो," ते म्हणाले, "तेव्हा ती उठत नाय, हसत नाय, बाबा म्हणत नाय. माझ्या बॅगेचं कुलूप हलवून बघते. मग मला वाटतं, मी आलो हे हिला कळतं की बॅग आली हे कळतं?"

वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या, मग कप ठेवून परत गेल्या.

झाडाच्या जागी यजमानांनी एक काम केलं. जाडसा बांबू घेतला, त्याला लाल फडकं बांधलं आणि तो तिथे खोल ठोकला. दर्यावर खूण अशीच लावतात, म्हणाले. आम्हाला दोघांनाही ती युक्ती फार पटली होती. बायनं त्या बांबूकडे ढुंकून बघितलं नाही. ती त्याच्या पुढे गेली, आम्ही धास्तावून मागोमाग, आणि थोड्या अंतरावर, जिथे झाड नव्हतं, दगड नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं, तिथे ती वळली. त्यानंतर कधी बांबूच्या अलीकडे वळायची, कधी पलीकडे. एकदा यजमान ती वळली त्या जागेवर गुडघे टेकून वाळू न्याहाळत होते. "इथे काय दिसलं असेल हो हिला?" त्यांनी विचारलं. मीही वाकून बघितलं. वाळूच होती.

ते पुन्हा बोटीवर गेले आणि सकाळचं चालणं पुन्हा माझ्याकडे आलं. त्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चालता चालता माझ्या तळव्यात शिंपल्याची फुटकी कड घुसली. मी मटकन खाली बसले, रक्त बरंच येत होतं. बाय पुढे गेली होती. मी रुमाल बांधत असताना वर बघितलं तर ती थांबलेली. माझ्याकडे पाठ, तोंड समुद्राकडे, अंग डावीकडे-उजवीकडे झुलत. मी उठून लंगडत दोन पावलं टाकली. ती चालू लागली. पुन्हा कळ आली म्हणून मी थांबले. ती थांबली. एकदाही मागे वळून न बघता.

घरी येऊन मी हे वहिनींना सांगितलं. त्या हळद घेऊन माझा पाय धरून बसल्या होत्या.

"थांबली? तुमच्यासाठी?"

"तसं कसं म्हणू, वहिनी? लाट बघत असेल. माझ्या पावलांचा आवाज बंद झाला म्हणूनही असेल."

त्यांनी हळद दाबली. "तुम्ही काय ते म्हणा. मी तुमच्यासाठीच म्हणणार."

त्यांचे डोळे भरलेले होते, आणि मला आपण सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे समजेना. जे मला पक्कं ठाऊक नाही ते मी त्यांना दिलं होतं का? पण मी तर फक्त घडलं तेवढंच सांगितलं होतं.

अशी काही वर्षं गेली. बाय उंच झाली, अंग आटोपशीर झालं, पोटऱ्या दणकट झाल्या. मनगटाचं चावणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. मुख्य म्हणजे ती झोपू लागली, आणि तिच्यामुळे वहिनी झोपू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला तेव्हा मला कळलं की त्या वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. बोलण्यात मात्र फारसा फरक नाही. तेच माझे शब्द मला परत. शाळेतही माझं काहीतरी बिघडलं होतं. कवायतीत एखादीचा हात उशिरा वर गेला की पूर्वी मी ओरडायचे. आता मी तिच्याकडे बघत राहायचे, आणि मोजणी चुकायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, हल्ली तुमचं लक्ष कुठे असतं?"

दशकाच्या मध्यावर आम्हा शारीरिक शिक्षकांचं एक शिबिर पुण्याला झालं. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी, निरनिराळ्या अडचणी असलेल्या मुलांना खेळात कसं घ्यावं, यावर व्याख्यान दिलं. बोलता बोलता त्यांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला आणि अशी मुलं कशी असतात ते सांगू लागल्या. चवड्यांवर चालणं. ऐकलेलं पुन्हा म्हणणं. गोल फिरणाऱ्या वस्तू. आवाजाचा त्रास. रोजचं बदललं तर घाबरणं. आमचं घर कधी न पाहिलेली बाई आमच्या पडवीतलं सांगत होती. व्याख्यान संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं विचारलं: बादली, एस.टी., बांबू, वाळूतली ती जागा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओझ्यानं अंगाला जाणीव मिळते, त्यानं अशा मुलांना बरं वाटत असावं, म्हणाल्या. हालचाल चांगलीच, चालू ठेवा. "आणि माझ्या पायाला लागलं तेव्हा ती थांबली ते?" मी विचारलं. "ते तुम्ही तिथे होतात," त्या म्हणाल्या, "मी नव्हते."

शब्द घेऊन मी परत आले. कागदावर लिहून न घेता, वाटेत विसरू नये म्हणून मनात घोकत. वहिनींना सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला.

"डॉक्टर मुंबईत म्हणाले तो हाच काय?"

"असेल."

"बरा होतो?"

"नाही म्हणाल्या. पण मूल पुढे जातं, त्याच्या त्याच्या चालीनं."

"मग चालणं चालू ठेवायचं ना?"

"ठेवायचं."

"बरं," असं म्हणून त्या चुलीकडे वळल्या. मला उगाच वाटलं होतं की शब्द मिळाला की काहीतरी उलगडेल, आम्ही दोघी हसू किंवा रडू. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडताना मी बायकडे बघत होते, त्या शब्दासकट, आणि ती मला आदल्या दिवशी होती तितकीच न कळणारी होती.

पुढे माझं लग्न झालं. माझे यजमान पोफळीला वीजघरात नोकरीला, म्हणून मी कॉलनीत राहायला गेले आणि तिथल्याच शाळेत लागले. निघायच्या सकाळी बायला सांगितलं, "मी जाते हं." ती म्हणाली, "मी जाते हं." आणि बेड्यातून भाट्याच्या वाटेला लागली. वहिनी पदर खोचून तिच्या मागे धावल्या; त्यांनी जाताना माझ्याकडे बघून नुसता हात हलवला.

दशक संपता संपता मी एकदा मुद्दाम रत्नागिरीला गेले. बायचे वडील बोटीवरची नोकरी सोडून घरीच राहिले होते. त्यांनी जुनी छोटी होडी घेतली होती आणि लेकीला वल्हवायला शिकवलं होतं. कसं शिकवलं विचारलं तर म्हणाले, "शिकवलं नाय. मी मारत होतो, तिनं वल्ही हातात घेतली." मला त्यांनी होडीत बसवलं. खाडी संथ होती. वडील पुढच्या टोकाला, बाय मधे, मी मागच्या टोकाला, त्यामुळे ती अगदी माझ्यासमोर आली. वल्ही मारणाऱ्याला मागचं टोक सोडून दुसरीकडे तोंड करता येत नाही. इतकी वर्षं मी तिच्या मागून किंवा बाजूनं चालले होते. आता ती पुढे वाकायची तेव्हा तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर यायचा आणि मग मागे जायचा. सोळा-सतरा वर्षांची झाली होती. दंड भरलेले, कपाळावर घाम, आईचं नाक. नजर माझ्यावर होती की माझ्यामागच्या पाण्यावर, मी पुष्कळ निरखून बघितलं.

खाडीच्या मधोमध ती हसली. मोठ्यांदा नाही, आतल्या आत, खांदे हलवत, आणि वल्ह्याचा ताल जराही न चुकवता.

"का हसली?" मी तिच्या डोक्यावरून तिच्या वडिलांना विचारलं.

"हसते मधे मधे," ते म्हणाले. "आम्हीपण हसतो मग."

आणि ते खरंच हसायला लागले. मीही हसले.